डोळ्यांत पाणी येईना तेव्हा

आज कर्ज, हप्ते, बँकेची पासबुकं बाजूला ठेवू. आज बोलायचंय ते कोरड्या तोंडाबद्दल आणि कोरड्या डोळ्यांबद्दल. हा काय विषय झाला, असं वाटेल. आम्हालाही तसंच वाटलं होतं, आणि तिथंच आमचं चुकलं.

आमच्या गटात एक ताई आहेत, पंचेचाळिशीच्या पुढच्या. माझं सांगा, फक्त नाव सांगू नका, म्हणाल्या. त्यांच्या पिशवीत कायम पाण्याची बाटली. चार वाक्यं बोलल्या की एक घोट. आम्ही हसायचो. भाकरीचा घास पाण्याशिवाय खाली उतरेना, म्हणून त्या आमटीत कुस्करून खायच्या. ठेचा तर सुटलाच. दाढा एकामागून एक किडल्या. मशेरी लावत असाल, असं आम्हीच ऐकवलं. त्यांनी आयुष्यात मशेरी लावलेली नाही. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायचं, तर तो म्हणे चुलीचा धूर. सांधे दुखायचे, तर ते म्हणे पाळी जायचं वय. थकवा इतका की बैठकीला येईनात. आम्ही नियमाप्रमाणे दंड लावला, दर बैठकीला दहा रुपये.

मग त्यांची आई वारली. ताई माहेरी गेल्या, आईच्या पायाशी बसल्या. गळा भरून आला, डोळे लाल झाले, पण पाणी येईना. पोटच्या पोरीनं एक टिपूस काढलं नाही, असं बायका बोलल्या. ते त्यांना इतकं लागलं की परत आल्यावर त्या आमच्यापाशी पहिल्यांदा सगळं बोलल्या. तेव्हा आमच्यातल्या दोघी त्यांना घेऊन जिल्ह्याच्या गावी गेलो.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवली आणि पाच मिनिटं थांबायला सांगितलं. पाच मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजली, तर अश्रू कमी आहेत असं धरतात. त्यांची पट्टी जेमतेम टोकाला ओली झाली. पुढं रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि नाव कळलं, शोग्रेनचा आजार. हेन्रिक शोग्रेन हे स्वीडनमधले डोळ्यांचे डॉक्टर. त्यांनी १९३३ साली अशा १९ रुग्णांचा अभ्यास मांडला, त्या सगळ्या बायकाच होत्या. आजही दहा रुग्णांत नऊ बायका असतात.

होतं काय, तर रोगजंतूंशी लढायला आपल्या शरीरात राखण असते. या आजारात राखणदारच घरच्यांवर काठी उगारतो. पांढऱ्या पेशी अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींत घुसतात, आणि ग्रंथी हळूहळू आटतात. रक्तात स्वतःच्याच पेशींविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, तयार होतात. त्यातल्या दोन महत्त्वाच्या, ‘रो’ आणि ‘ला’. रिपोर्टवर एसएस-ए आणि एसएस-बी असंही लिहितात. पण नुसत्या कागदावरून घाबरू नका. ‘रो’ दुसऱ्या आजारांतही सापडते, अगदी धडधाकट बाईतही सापडू शकते. उलट काहींना आजार असून ती सापडत नाही. मग खालच्या ओठाच्या आतल्या बारीक ग्रंथींचा तुकडा काढून तपासतात. शिवाय तोंड कोरडं पडायला मधुमेह किंवा एखादं चालू औषधही कारण असू शकतं, ते आधी बघावं लागतं.

आणखी एक, रेडिओवर बोलावं की नाही असं वाटत होतं. या आजारात योनिमार्गही कोरडा पडतो, संबंधाच्या वेळी दुखतं. बाई ते कुणालाच सांगत नाही आणि नवरा समजतो हिचं मनच नाही. डॉक्टरांना हे सांगा, त्यालाही औषध आहे.

लेकी-सुनांसाठी हे नीट ऐका. आईच्या रक्तातली ‘रो’ वारेतून बाळापर्यंत पोचते. अशा शंभर गरोदर बायकांत एक-दोघींच्या बाळाच्या हृदयाचे ठोके फार मंद होतात. कधी आईला स्वतःला काहीच त्रास नसतो. म्हणून ही तपासणी आधी झाली असेल, तर दिवस राहिल्याबरोबर डॉक्टरांना सांगायचं. साधारण अठराव्या आठवड्यापासून ते बाळाचे ठोके सोनोग्राफीवर बघत राहतात.

आजार मुळापासून जात नाही, पण आवरता येतो. तो संसर्गाचा नाही. एका ताटात जेवलात तरी लागत नाही. डोळ्यांत ओलाव्याचे थेंब घालायचे, पण दुकानातून मनानं आणलेले नाहीत. स्टेरॉइडचे थेंब निघाले तर डोळ्यावरचा दाब वाढतो. गुलाबपाणी, मध तर नकोच. लाळ दातांना राखते, ती नाही म्हटल्यावर फ्लोराइडची पेस्ट दोन वेळा, गोड कमी, आणि दातांची नियमित तपासणी. सांध्यांसाठी संधिवाताचे डॉक्टर गोळ्या देतात. कानाखाली, जबड्याजवळ गाठ येऊन राहिली, ताप येत राहिला, वजन उतरलं, तर थांबायचं नाही. थोड्या जणींत पुढं लसिकाग्रंथींचा कर्करोग होऊ शकतो.

ताईंच्या तपासण्यांसाठी गटानं अंतर्गत कर्ज दिलं, ते फिटत आलंय. दंडाचे सत्तर रुपये आम्ही ठराव करून परत केले. त्या म्हणाल्या, वहीत कारणही लिहा. लिहिलंय. आता बैठकीत पाण्याचा तांब्या मधोमध असतो, आणि ताई हिशेब वाचायला लागल्या की कुणीतरी तो त्यांच्याकडं सरकवतं.