पहिले भाड्याचे घर
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



भाड्याने देण्यासाठी पहिलेच घर घेणाऱ्या कुटुंबांना चार शब्द सांगावेत, अशी चिटणिसांची आम्हांस आज्ञा झाली. आम्ही कायदेपंडित नव्हे, निवृत्त शिक्षक. परंतु पुढच्यास ठेच लागली की मागचा शहाणा होतो. आणि ठेच आम्हांस लागलेली आहे.

जमीन जाण्याचे दुःख आपल्या मुळशी तालुक्याला नवे नाही. धरणाविरुद्ध १९२१ च्या रामनवमीस सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापटांनी कारावास सोसला, तरी गावे पाण्याखाली गेलीच. पुढे हिंजवडीस राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले, पिरंगुटास कारखाने आले, आणि जमिनीचा पैसा अनेकांच्या हाती खेळू लागला. तो गाडीघोड्यांत व लग्नसमारंभांत विरून जाण्यापेक्षा त्यातून दोन खोल्यांचे भाड्याचे घर घेणे केव्हाही श्रेयस्कर.

मात्र घर घेताना घाई नको. जमिनीचा सातबारा, बांधकामाची परवानगी आणि भोगवटा पत्र जाणत्या वकिलाकडून तपासून घ्यावे. इमारत नवी असेल तर तिची महारेराकडील नोंदणी पाहावी. घर एकदा ऐन पावसाळ्यात आणि एकदा वैशाखात पाहावे. एकदा गळती कळते, एकदा पाण्याची टंचाई. कर्जाचा हप्ता बाराही महिने भरावा लागतो. भाडे मात्र वर्षाचे दहाच महिने येईल असे धरून हिशेब मांडावा.

आता आमची ठेच. सेवानिवृत्तीच्या पुंजीतून आम्ही लहानसे घर घेतले. पहिले बिऱ्हाड आपल्याच ज्ञातीतले मिळाले. "आपल्या माणसाशी कसला कागद?" असे म्हणून सारे तोंडी ठरविले. आठ महिन्यांनी भाड्याच्या रकमेवरून वाद निघाला. तेव्हा आम्हांस कळले की, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. तो नसल्यास, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, अटींविषयी भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते. शिवाय मालकास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. आम्ही थकलेल्या भाड्यावर पाणी सोडले. पैसा गेल्याचे दुःख थोडे. दोन घरांतील जाणेयेणे तुटले, ते आजतागायत जुळलेले नाही.

दुसरे बिऱ्हाड परप्रांतीय व परज्ञातीचे आले. या वेळी अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार रीतसर नोंदविला. अनामत रक्कम, दुरुस्तीचा खर्च, सोडण्याची पूर्वसूचना, सारे त्यात लिहिले. पंखे, दिवे, नळ यांची यादी केली, विजेच्या मीटरचा आकडा टिपला, पोलीस ठाण्यास माहिती दिली आणि सोसायटीस कळविले. मुदत संपूनही घर न सोडल्यास दुप्पट आकार द्यावा लागतो, हेही त्या गृहस्थांस आधीच सांगितले. त्यांनी दरमहा वेळेवर भाडे दिले आणि ठरल्या दिवशी किल्ल्या हाती ठेवल्या. यादी ताडून आम्ही अनामत तिथल्या तिथे परत केली. आजही दिवाळीस त्यांचा फोन येतो.

बंधुभगिनींनो, हे ज्ञातीच्या व्यासपीठावरून बोलणे काहींस रुचणार नाही, तरी बोलतो. आमचे आजोबा धरणामुळे उठून पुण्यास बिऱ्हाड शोधीत हिंडले, तेव्हा दारोदारी त्यांस पहिला प्रश्न जातीचा होत असे. तो अपमान ते अखेरपर्यंत विसरले नाहीत. आज किल्ली आपल्या हाती आहे. दारी आलेल्यास आपण तोच प्रश्न विचारणार काय? त्याचा कामधंदा विचारावा, ओळखपत्र पाहावे, करार नोंदवावा, आणि जात त्याची त्याच्यापाशी राहू द्यावी. आपला असो वा परका, कागद सर्वांस एकच असावा. त्यात अविश्वास नाही. उलट माणुसकी टिकते ती त्यानेच.