जुन्या मोटारीतील मीटरची बत्ती



ज्यांची निर्मिती कधीच थांबली, परंतु ज्या आजही अनेक कुटुंबांनी मोठ्या ममत्वाने चालत्या ठेवल्या आहेत, अशा पद्मिनी आणि अँबॅसडर गाड्यांतील एका दोषाविषयी आज आपणांशी बोलावयाचे आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या नमुन्यावर तयार झालेली आणि १९७४ पासून पद्मिनी हे नाव धारण केलेली गाडी टॅक्सीच्या रूपाने मुंबईच्या रस्त्यांवर २०२३ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत धावत होती. उत्तरपाड्याच्या कारखान्यातील अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली बंद झाले. त्यामुळे या गाड्यांपैकी अगदी धाकट्या गाडीच्या वायरिंगनेही आता दहाहून अधिक पावसाळे पाहिले आहेत, आणि ज्या तक्रारी घेऊन मालक वायरमनकडे जातात त्यांत रात्री मीटरची बत्ती मंदावणे, लुकलुकणे किंवा अजिबात न लागणे ही तक्रार नित्याची होऊन बसली आहे.

ही तक्रार किरकोळ समजण्याचा प्रघात आहे. वेग अंदाजाने कळतो, पेट्रोल किती आहे ते ठाऊक असते, मग आतल्या दिव्यावाचून काय अडते, असे म्हणून पुष्कळ मालक महिनेच्या महिने ती अंगावर काढतात. या उपेक्षेला माझा विरोध आहे, आणि त्याचे कारण केवळ चालकाच्या सोयीचे नाही. बहुतेक जुन्या गाड्यांत मीटरच्या बत्त्यांना वीज मिळते ती पार्किंगच्या, म्हणजेच मागच्या तांबड्या दिव्यांच्या मंडलातून. स्विच तोच, आणि पुष्कळदा फ्यूजही तोच. म्हणून मीटर अंधारले की पाने-पेचकस हाती घेण्यापूर्वी बत्तीचा स्विच ओढून गाडीच्या मागे जावे आणि मागचे दोन्ही दिवे व नंबरप्लेटवरील दिवा जळतो की नाही याची खातरजमा करावी. ते विझलेले असतील तर मागून भरधाव येणाऱ्या ट्रकच्या चालकाला आपली गाडी वेळेवर दिसणारच नाही, आणि अशा स्थितीत रात्री घाट उतरणे हे आपल्याबरोबर दुसऱ्याचाही जीव धोक्यात घालणे आहे. ते जळत असतील तर मात्र दोष स्विचच्या पुढे, मीटरकडे जाणाऱ्या फाट्यावर आहे, असा निष्कर्ष निघतो, आणि अर्धा शोध तेथेच संपतो.

त्या फाट्यावर प्रथम भेटतो तो उजेड कमीजास्त करणारा रिओस्टॅट, अर्थात ज्या गाडीत तो बसविला असेल तीत. उघड्या तारेच्या वेटोळ्यावरून फिरणारी एक पितळी पट्टी, एवढीच त्याची रचना असते. वर्षानुवर्षे एकाच जागी राहिल्याने त्या स्पर्शबिंदूवर काजळी धरते आणि प्रवाह खंडित होतो. बत्ती लावून त्याची खुंटी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाचदहा वेळा फिरविल्यास पुष्कळदा उजेड परत येतो. तसे न झाल्यास त्याच्या दोन्ही टोकांच्या तारा क्षणभर एकमेकींस जोडून पाहाव्यात. बत्त्या लागल्या तर कसूर त्याचाच आहे.

परंतु खरा घोटाळा, माझ्या मते, बहुधा परतीच्या वाटेवर, म्हणजे अर्थिंगमध्ये, असतो. मोटारीत वीज तारेने जाते आणि गाडीच्या लोखंडी अंगातून परत येते. मीटरच्या बल्बचा होल्डर मीटरच्या पत्र्याला, तो पत्रा डॅशबोर्डच्या फळ्याला, फळा गाडीच्या अंगाला, अशी ही साखळी असून तिचा प्रत्येक दुवा म्हणजे केवळ दोन धातूंचा परस्परस्पर्श होय. कोकणातील दमट हवेत होल्डरच्या पितळेवर हिरवट कळंक चढतो, पत्र्याला गंज लागतो. आणि गाडीला हौसेने नवा रंग दिला असेल तर रंगाचा एक पातळ थर नेमका स्क्रूखाली जाऊन बसतो. या बत्त्या जेमतेम दोन-तीन वॅटच्या. २.२ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर एका अँपिअरच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी प्रवाह घेतो, असे पाच बल्ब मिळून एक अँपिअरही होत नाही; पण तेवढ्या प्रवाहालाही दोन ओहमचा अडथळा वाटेत आला की दीड ते दोन व्होल्ट तेथेच खर्ची पडतात. तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात नव्हे, तर त्याहून कितीतरी वेगाने घटतो. १२ ऐवजी १० व्होल्ट पोचले की प्रकाश जवळजवळ निम्म्यावर येतो. बल्ब नवा, फ्यूज शाबूत, आणि तरीही मीटर मिणमिणते, या कोड्याची उकल बहुधा येथे होते.

अर्थिंग पुरते तुटले म्हणजे याहून विलक्षण प्रकार घडतात. मोरीचे तोंड तुंबले की सांडपाणी जसे शेजाऱ्याच्या अंगणातून वाट काढते, तसा हा प्रवाह दुसऱ्या एखाद्या बल्बमधून उलटा शिरून परतू पाहतो. मग इंडिकेटर दिला की मीटरची बत्ती त्याच तालावर उघडझाप करते, किंवा बत्ती लावताच भलताच सूचक दिवा अंधुक पेटतो. अशा वेळी बल्ब बदलीत बसणे व्यर्थ होय. एक जादा तार घेऊन तिचे एक टोक मीटरच्या पत्र्याला व दुसरे गाडीच्या अंगावरील खरवडून स्वच्छ केलेल्या बोल्टला लावून पाहावे; उजेड एकदम उजळला तर ती तार कायमची, व्यवस्थित कसून बसवावी. तत्पूर्वी होल्डर व त्याची बैठक बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासून घ्यावी.

मीटर बाहेर काढताना प्रथम बॅटरीची अर्थिंगची तार सोडावी, आणि मीटर हिसका देऊन ओढू नये, कारण स्पीडोमीटरची केबल मागून आटे देऊन बसविलेली असते. अँबॅसडरसारख्या ब्रिटिश कुळातील गाड्यांत ल्यूकसच्या पद्धतीप्रमाणे काळी तार अर्थिंगची, लाल पार्किंगच्या दिव्यांची आणि लाल-पांढरी मीटरच्या बत्तीची असते. अनेक हातांतून गेलेल्या गाडीत मात्र रंगावर विसंबू नये. टेस्ट लॅम्पने रुजुवात करूनच पुढे जावे.

फ्यूज वारंवार जात असेल तर त्यावर सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळण्याचा अथवा त्या जागी जाड तार अडकविण्याचा जो रिवाज पडला आहे, तो अत्यंत निषेधार्ह आहे. कोठेतरी पत्र्याच्या कडेने तारेचे कवच कापले गेले आहे, एवढेच तो फ्यूज सांगत असतो. त्याला गप्प बसविले की तो भार तारेवर पडतो, आणि फळ्यामागे तार पेटली तर ती विझविण्यास हात घालावयालाही जागा नसते. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत तर साऱ्या गाडीस मिळून दोनच फ्यूज असत व बत्त्यांचे मंडल त्यांच्या संरक्षणाबाहेर राही; अशा गाडीत स्वतंत्र फ्यूज घालून घेणे इष्ट. त्याचप्रमाणे उजेड वाढावा म्हणून अधिक वॅटचा बल्बही घालू नये. त्याच्या उष्णतेने प्लास्टिक वितळते आणि मीटरच्या तबकडीचा रंग करपतो.

एलईडी दिवे हल्ली स्वस्त झाले आहेत व त्यांची उष्णताही कमी. पण त्यांना धन-ऋण टोकांचे बंधन असते, आणि १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक अंगाला जोडलेले असे, हे ध्यानात ठेवावे. शिवाय जुना रिओस्टॅट त्यांचा उजेड नीट आवरू शकत नाही. चार्जिंगच्या तांबड्या दिव्याच्या जागी तर एलईडी बसवूच नये. अल्टरनेटर असलेल्या पुष्कळ जुन्या गाड्यांत याच बल्बमधून जाणारा अल्प प्रवाह अल्टरनेटरला प्रथम जागे करतो. तो बल्ब उडाला किंवा त्याच्या जागी नाममात्र प्रवाह घेणारा दिवा आला, तर गाडी सुरू होऊनही बॅटरी भरत नाही, आणि चालकाला त्याचा सुगावा लागत नाही, कारण सुगावा देणारा दिवाच निकामी असतो. म्हणून मीटर बाहेर काढलेच आहे तर ते परत बसविण्यापूर्वी बॅटरी जोडून, इंजिन सुरू न करता नुसती किल्ली फिरवावी आणि चार्जिंगचा व ऑइलचा हे दोन्ही दिवे पूर्ण तेजाने लागतात, याची खात्री झाल्यावरच स्क्रू आवळावेत.