लहान बेट, मोठी शिरगणती : सर शिवसागर रामगुलाम यांची संसदीय कारकीर्द

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानासाठी आम्ही एका परक्या देशातील पुरुषाचे चरित्र का निवडले, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, जो प्रश्न प्रत्येक ज्ञातिसंस्थेपुढे उभा असतो, त्याच प्रश्नाशी या गृहस्थाला चाळीस वर्षे झुंजावे लागले. समाजाने आपली माणसे मोजावीत काय, आणि मोजलीच तर त्या मोजणीचे पुढे काय करावे, हा तो प्रश्न होय.

हिंदी महासागरातील मॉरिशस बेट आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्म्याहूनही लहान आहे. १८३४ सालापासून तेथील उसाच्या मळ्यांवर जवळजवळ पाच लाख हिंदी माणसे करारबद्ध मजूर म्हणून नेण्यात आली. त्यांत बहुसंख्य बिहारकडील होती; परंतु तमिळ व तेलुगू होते, आणि रत्नागिरीकडील आपली कोकणी माणसेही होती. त्यांच्या वंशजांनी गणेशोत्सव आणि जाखडी अद्यापि राखली आहे. गणेशचतुर्थीला तेथे सार्वजनिक सुटी असते.

अशाच एका बिहारी मजुराच्या घरी १९०० साली शिवसागर जन्मले. वडील लवकर वारले. बालपणीच्या अपघातात एका डोळ्याची दृष्टी गेली. तरीही १९२१ साली ते लंडनला गेले, वैद्यकीचे शिक्षण घेऊन १९३५ साली परतले आणि पाच वर्षांनी सरकारनियुक्त सभासद म्हणून कायदेकौन्सिलात गेले. त्या काळी साऱ्या बेटात मतदार होते अवघे बारा हजारांच्या आसपास. मालमत्ता नसलेल्या मजुराला मत नव्हते.

१९४७ च्या घटनेने हे चित्र पालटले. बेटावर चालणाऱ्या भाषांपैकी एखाद्या भाषेत साधी वाक्ये लिहिता-वाचता येणाऱ्यास मताचा अधिकार मिळाला आणि मतदारांची संख्या एकदम बहात्तर हजारांच्या घरात गेली. अक्षरओळख हीच मताची किल्ली ठरली. १९४८ च्या निवडणुकीत रामगुलाम लोकांच्या मतांनी निवडून आले. १९५९ साली सार्वत्रिक प्रौढ मताधिकार आला. १९६१ साली ते मुख्यमंत्री झाले.

आता मुख्य अडचण उभी राहिली. ज्यांची संख्या अधिक, त्यांच्या हाती मतपेटी. मग इतरांचे काय? मुसलमान, चिनी आणि आफ्रिकी व फ्रेंच वंशाचे लोक यांना स्वातंत्र्याचीच भीती वाटू लागली. ती भीती खोटी होती असे आम्हांस म्हणवत नाही. ऑगस्ट १९६७ च्या निवडणुकीत रामगुलामांच्या आघाडीस ६२ पैकी ३९ जागा मिळाल्या. परंतु शेकडा चव्वेचाळीसच्या आसपास मते विरुद्ध पडली. जानेवारी १९६८ मध्ये पोर्ट लुई शहरात दंगली उसळून ब्रिटिश सैन्य बोलवावे लागले. अशा स्थितीत १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला.

या भीतीवर जो उतारा योजला होता तो लक्षात घेण्याजोगा आहे. ६२ निर्वाचित सभासदांखेरीज आठांपर्यंत जागा अशा ठेवल्या की, ज्या समाजास प्रतिनिधी कमी मिळाले असतील, त्या समाजातील पराभूत उमेदवारांपैकी ज्यांची मते चांगली त्यांना त्या मिळाव्यात. यासाठी प्रत्येक उमेदवाराने हिंदू, मुसलमान, चिनी वा सर्वसाधारण यांपैकी आपला समाज अर्जात लिहावयाचा. आमचे मराठी बांधव यांत हिंदूंमध्येच गणले गेले. पुढे १९६९ साली रामगुलामांनी स्वातंत्र्याचे विरोधक गाएताँ द्युव्हाल यांना मंत्रिमंडळात घेतले, हाही त्याच धोरणाचा भाग समजावा.

त्यांच्या कारकिर्दीस डाग नाहीत असे नाही. १९६५ साली तीस लाख पौंडांच्या मोबदल्यात चागोस बेटे ब्रिटिशांनी तोडून घेतली. त्या तडजोडीत रामगुलाम सहभागी होते. हे विलगीकरण बेकायदेशीर होते, असे मत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ साली दिले. १९७१ साली आणीबाणी पुकारली गेली, आणि १९७२ ची निवडणूक १९७६ पर्यंत लांबविण्यात आली. परंतु माध्यमिक शिक्षण सर्वांस विनामूल्य करण्याचा निर्णय १९७६ सालचाच. अक्षरओळखीने मत मिळविलेल्या समाजाच्या पुढाऱ्यास हेच शोभले.

१९८२ साली जनतेने निकाल दिला. मुख्य बेटावरील साठच्या साठ जागा विरोधकांनी जिंकल्या. रामगुलाम स्वतःच्या मतदारसंघातही पडले. त्या वेळी पराभूत पक्षांचे चार सभासद संसदेत बसू शकले, ते केवळ वर सांगितलेल्या राखीव जागांमुळे! जी योजना भ्यालेल्या अल्पसंख्यांसाठी होती, तिनेच विरोधी बाक रिकामे राहू दिले नाहीत. रामगुलाम १९८३ च्या अखेरीस गव्हर्नर-जनरल झाले आणि १५ डिसेंबर १९८५ रोजी त्या पदावर असतानाच निवर्तले.

परंतु औषध रोज घेतले की त्याचीच सवय जडते. १९७२ नंतरच्या जनगणनेत समाजाची नोंदच घेतली जात नाही. तरी जागांचे गणित त्या जुन्याच आकड्यांवर चालत राहिले. आपला समाज लिहिण्यास नकार देणाऱ्यांचे अर्ज फेटाळले गेले. २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने हा त्यांच्या हक्कांचा भंग ठरविला. संरक्षणासाठी घातलेले कुंपण कालांतराने आत कोंडणारे होऊ शकते, याचे हे उदाहरण होय.

सभ्य गृहस्थहो, आपल्या ज्ञातीची कुटुंबे आपणही मोजतो, त्यांची यादी छापतो. ती मोजणी कशासाठी, हे दरवर्षी स्वतःस विचारावे, एवढेच आमचे मागणे आहे. कोणाच्या घरी मुलीचे शिक्षण पैशावाचून अडले आहे, कोणते वृद्ध दांपत्य एकाकी आहे, हे कळावे म्हणून मोजणी असेल तर ती पुण्यकर्म ठरेल. निवडणुकीच्या हंगामात कोणा उमेदवारापुढे आकडा ठेवण्यासाठी असेल, तर ती मोजणी आपली राहणार नाही. तो आकडा आपल्याच मुलांच्या कपाळी चिकटेल. हा विवेक आपण राखाल अशी उमेद बाळगून आम्ही आपली रजा घेतो.