नातवंडांचा सांभाळ आणि म्हातारपणाची मिळकत
(वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



नातवंड म्हणजे दुधावरची साय, असे आपण कौतुकाने म्हणतो. पण ती साय जपताना म्हातारीच्या स्वतःच्या भाकरीचे काय होते, हा प्रश्न आपल्या ज्ञातिसभेत क्वचितच निघाला असेल.

नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर हंगामात कित्येक वयस्क स्त्रियाही कामाला जातात. मजुरी थोडी खरी, पण ती त्यांच्या कनवटीची असते. मुलगा आणि सून ताप्ती मार्गाच्या गाडीने सुरतेस कामाला गेली, लेकरे घरी राहिली, की पहिली बंद होते ती ही मजुरी. सातपुड्यातील आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीस जातात, तेव्हा त्यांच्याही पाड्यांवर म्हातारी माणसे आणि लेकरेच मागे उरतात. मुलगा पैसे पाठवीत नाही असे नाही. परंतु ते दूध, वह्या आणि औषध यांतच संपतात आणि आजीच्या दुखऱ्या गुडघ्यांचा खर्च त्यात कोणी धरलेला नसतो.

याहून नाजूक गोष्ट पुढेच आहे. जिची मुले आई सांभाळते, त्याच भावाने तिला पोसावे, असे इतर भाऊ म्हणू लागतात. नातू शाळेत जाऊ लागला, की त्या भावाचाही हात आखडतो. सांभाळ संपला, आधारही संपला! हा व्यवहार कोणी उघड बोलून दाखवीत नाही, म्हणूनच तो अधिक बोचतो.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने निर्वाहाची जबाबदारी मुलगा-मुलींवर, इतकेच नव्हे तर सज्ञान नातवंडांवरही टाकली आहे. पण जिने नातवाला कडेवर वाढविले, ती त्याच्याविरुद्ध अर्ज घेऊन न्यायाधिकरणापुढे जाईल, हे मला तरी संभवत नाही.

आपल्या वधूवर मेळाव्यात जमीन विचारतात, नोकरी विचारतात. उद्या मुले कोण सांभाळणार, हे कोणी विचारीत नाही. ते असो. आपल्या ज्ञातीचे सभागृह लग्नसराई सरली की कुलूपबंद असते. तेथे दिवसा पाळणाघर चालवावे, त्याचा खर्च बाहेरगावी कमावणाऱ्या मुलांच्या वर्गणीतून भागवावा आणि सांभाळणाऱ्या स्त्रियांना, त्या आज्या असल्या तरी, रोख वेतन द्यावे, असा ठराव मी सभेपुढे मांडतो. अनुमोदन कोण देतो, ते आता पाहू.