नदीचा नकाशा आणि पाण्याचा हक्क



१९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दामोदर खोऱ्याच्या योजनेला चालना दिली. नदी प्रांतांच्या सीमा ओळखत नाही. म्हणून पूर, सिंचन आणि वीज यांचा विचार संपूर्ण खोऱ्यासाठी एकत्र व्हावा, ही त्यामागची दृष्टी होती. आपल्या गोदावरीकडे त्याच दृष्टीने पाहू या.

खोऱ्याच्या नेहमीच्या नकाशावर धरणे आणि कालवे दिसतात. निसर्ग विनामोबदला जे काम करतो, ते मात्र दिसत नाही. त्र्यंबक-इगतपुरीच्या डोंगरांवर पाऊस मुसळधार पडतो. तेथील जंगल तो जमिनीत मुरवते आणि माती धरून ठेवते. जंगल तुटले की तीच माती वाहत येऊन धरणांच्या तळाशी गाळ होऊन बसते. पुढे नांदूर मधमेश्वरची पाणथळ जागा गाळ अडवते, पुराचा जोर कमी करते, पक्ष्यांना आसरा देते. तिला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला आहे. त्याच्याही खाली पैठणचे जायकवाडी धरण मराठवाड्याची तहान भागवते. वरच्या डोंगराची हानी शेवटी खालच्या घागरीपर्यंत पोहोचते.

म्हणून पाऊस, उतार, माती, वने व पाणथळ जागा यांचे नकाशे एकावर एक ठेवून पाहावे लागतात. त्यातून कोणत्या उतारावरची झाडे प्रथम राखली पाहिजेत, हे कळते. उपग्रहामुळे हे काम आज सोपे झाले आहे.

परंतु मित्रहो, उपग्रहाला तळे दिसते. त्या तळ्यावर कुणाला मज्जाव आहे, हे दिसत नाही. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह करावा लागला, तो पाणी नव्हते म्हणून नव्हे. आज डोंगरावर जंगल राखतो आदिवासी. त्याचे फळ मिळते खालच्या उसाला, कारखान्याला आणि शहराला. कालव्याच्या शेपटाकडची वस्ती कोरडीच राहते आणि भूमिहीनाला जमिनीबरोबर पाण्याचाही वाटा मिळत नाही. २००५ च्या कायद्याने खोऱ्यातील पाण्याच्या समन्यायी वाटपाचे तत्त्व मान्य केले आहे. ते अमलात यायचे तर पाणी कोण राखतो, कोणाला मिळते आणि कोण वंचित राहतो, हेही नकाशावर आले पाहिजे.

विद्यार्थ्यांनो, सुट्टीत आपल्या गावाचा असा नकाशा काढा. विहिरी, झरे, ओढे, गायराने मांडा. प्रत्येक वस्ती पाणी कुठून भरते ते लिहा आणि तो ग्रामसभेपुढे ठेवा. जे कागदावर नसते, ते योजनेतही नसते.

जयभीम! जय भारत!