कापसाची गोदी आणि घरांचा बाजार



समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या वर्धेत बसून बंदराच्या शहरातील घरांची चर्चा करावी, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. परंतु मुंबईच्या ज्या पूर्व किनाऱ्यावर आज मनोऱ्यांचे नकाशे पसरले जात आहेत, तो किनारा ज्या मालासाठी बांधला गेला त्यात या जिल्ह्याच्या काळ्या मातीतील कापूस होता. आगगाडी येण्यापूर्वी या भागाचा कापूस बैलांच्या पाठीवरून मिर्झापूरपर्यंत जाई. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा फाटा भुसावळ, बडनेरा, वर्धा करीत नागपूरला पोचला आणि सारी वाट पश्चिमेकडे वळली. वर्धा शहरच मुळी १८६६ मध्ये जुन्या पालकवाडीच्या जागी वसवले गेले. हे शहर आणि मुंबईची कापूसपेठ ही एका अर्थी जुळी भावंडे आहेत. एक श्रीमंत घरी वाढले, एवढाच फरक.

कापूस मुंबईहून लिव्हरपूलला जाई आणि तेथून लँकेशायरच्या गिरण्यांत. या मार्गावरील दोन्ही बंदरांची जमीन आज घरांच्या बाजारात उभी आहे. तिची मालकी कोणाची, ती विकण्याचा अधिकार कोणाला, आणि तेथे घर घेणारा माणूस नेमके काय विकत घेतो, हे प्रश्न म्हणूनच वर्धेकरांना परके नाहीत. ज्यांची मुले पुण्यामुंबईला नोकरीस आहेत आणि त्यांच्या सदनिकेच्या इसाऱ्यासाठी ज्यांनी गावाकडची दोन एकर विकायला काढली आहेत, त्यांना तर मुळीच नाहीत.

मुंबईच्या जमिनीचा पहिला मोठा जुगार कापसावरच खेळला गेला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तिकडचा कापूस अडला, हिंदी कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्या पैशाचा मोठा ओघ समुद्र हटवून जमीन निर्माण करणाऱ्या कंपन्यांच्या शेअरांत गेला. बॅकबे कंपनीचा पाच हजारांचा शेअर कित्येक पटींनी विकला जात होता, आणि त्यामागची जमीन अद्याप पाण्याखाली होती! १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि प्रेमचंद रायचंदांसारखे धुरंधर सटोडियेही आडवे झाले. पूर्व किनाऱ्यावरील एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनीची मिळकत अखेर सरकारने सार्वजनिक पैशातून विकत घेतली आणि १८७३ मध्ये स्थापन झालेल्या पोर्ट ट्रस्टच्या हवाली केली. पुढे १८८० मध्ये प्रिन्सेस, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा अशा गोद्या झाल्या. जुगार खाजगी होता, तोटा सार्वजनिक तिजोरीने सोसला आणि त्यातून जमीन सार्वजनिक झाली. तिच्या विक्रीची किंवा दीर्घ पट्ट्याची भाषा निघते तेव्हा हा इतिहास कोणी काढत नाही.

आता लिव्हरपूल. १८४६ मध्ये उघडलेली तेथील ॲल्बर्ट डॉक १९७२ मध्ये बंद पडली. मोठी जहाजे आणि पेटीबंद मालाची वाहतूक आली, आणि हजारो हमालांच्या पाठीवर चालणारी जुनी गोदी निरुपयोगी ठरली. १९८१ च्या जुलैत त्या शहराच्या टॉक्स्टेथ वस्तीत दंगे पेटले. त्याच वर्षी सरकारने गोदीच्या काठासाठी स्वतंत्र विकास महामंडळ नेमले. १९८८ मध्ये गोदीची दुरुस्त झालेली वखार चित्रसंग्रहालय आणि दुकानांसह पुन्हा उघडली. ती इमारत वाचली हे चांगलेच झाले. पण त्यानंतर जे आले ते घर या वस्तूचे नवे रूप होते. इमारत पाया भरण्याआधी नकाशावरून विकायची, खोली पाहिलीही नाही अशा दूरदेशीच्या गुंतवणूकदाराला ठरावीक भाड्याचे वचन द्यायचे आणि त्याच्याच इसाऱ्यातून बांधकाम रेटायचे. काही योजना अर्ध्यावर बंद पडल्या आणि इसारा देणारे हात चोळत बसले. २०२१ मध्ये मॅक्स कॅलर यांच्या तपासणी अहवालाने लिव्हरपूल नगरपालिकेच्या मालमत्ता व पुनर्विकास खात्यांच्या कारभारावर असे ताशेरे ओढले, की केंद्र सरकारला तेथे आयुक्त धाडावे लागले. २००४ मध्ये मिळालेला जागतिक वारशाचा मान युनेस्कोने त्याच वर्षी, किनाऱ्यावरील नव्या बांधकामांचे कारण देऊन, काढून घेतला. शहर सुधारले नाही असे नव्हे. पण सुधारलेल्या काठावर जुन्या गोदी कामगाराचा नातू कोणत्या भाड्याने राहतो, हा हिशेब त्या सुधारणेच्या जाहिरातीत कधी नव्हता.

मुंबईत प्रथम गिरण्यांची जमीन बाजारात आली, बंदराची नंतर. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. त्या संपाची बाजू कोणी कशीही मांडो, सुमारे सहाशे एकरांची गिरण्यांची जमीन त्यानंतर मालकांच्या डोळ्यांत भरली, हे नाकारता येणार नाही. १९९१ च्या विकास नियमावलीने तिचे तीन भाग केले होते: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ मध्ये नियमात बदल झाला. वाटणी आता साऱ्या जमिनीची नाही, तर मुळातच मोकळ्या असलेल्या तुकड्याचीच व्हायची. उच्च न्यायालयाने हा अर्थ २००५ मध्ये अमान्य केला, परंतु सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो मान्य केला. एका शब्दाच्या अर्थाने शहराची शेकडो एकर मोकळी हवा गेली. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची, म्हणजे जनतेची, मुंबई टेक्सटाइल मिल २००५ मध्ये ७०२ कोटी रुपयांना विकली गेली; तीच जमीन २०१२ मध्ये सुमारे २,७०० कोटींना पुन्हा विकली गेली. सात वर्षांत ती जवळजवळ चौपट झाली, आणि मधल्या काळात जमिनीने स्वतः काही केले नव्हते.

आणि कामगार? घरासाठी सुमारे पावणेदोन लाख कामगारांनी व वारसांनी अर्ज केले. २०१२, २०१६ आणि २०२० च्या सोडतींतून नशीब उघडले ते पंधरा-सोळा हजारांचे. उरलेल्यांसाठी शेलू आणि वांगणी येथे घरे देऊ केली गेली. वर्धेकराला शेलू म्हटले की आपला सेलू तालुका आठवेल. हे शेलू मात्र कर्जतच्या वाटेवरचे, आणि परळच्या चाळीत जन्मलेल्या म्हाताऱ्याला तेही सेलूइतकेच दूर. जुलै २०२५ मध्ये हे कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानावर जमले ते मुंबईतच घर मागण्यासाठी. ज्यांच्या घामाने जमिनीला भाव आला त्यांना त्या जमिनीवरून उठवून पन्नास मैलांवर नेणे, यालाच पुनर्वसन म्हणायचे असेल तर भाषेचेच पुनर्वसन करावे लागेल.

बंदराची जमीन याच वाटेवर आहे. १९८९ मध्ये पलीकडे न्हावाशेव्याचे बंदर सुरू झाले आणि मुंबई बंदराचा मालवाहू व्यवहार हळूहळू ओसरला. २०१४ मध्ये राणी जाधव समिती नेमली गेली, २०१८ मध्ये पूर्व किनाऱ्याचा आराखडा प्रसिद्ध झाला, आणि जानेवारी २०२४ मध्ये शिवडीहून न्हावाशेव्याकडे जाणारा सागरी सेतू खुला होताच या काठाकडे पाहण्याची बाजाराची नजर बदलली. दारूखाना, रे रोड, कॉटन ग्रीन ही वखारींची नावे आता पत्त्यांची नावे होऊ पाहत आहेत. तेथील झोपड्या केंद्र सरकारच्या जमिनीवर आहेत, त्यामुळे राज्याची पुनर्वसन योजना त्यांना आपोआप लागू होत नाही. बीडीडी चाळींचे उदाहरण तर बोलके आहे. वरळीच्या पहिल्या रहिवाशांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शिवडीच्या चाळी त्याच काळातल्या, तशाच जीर्ण. पण त्या पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवर, म्हणून योजनेबाहेर राहिल्या. एकाच शहरात, एकाच भिंतीला, जमिनीच्या मालकाप्रमाणे वेगळे नशीब!

खरेदीदाराकडे तुच्छतेने पाहणे ही समाजवाद्यांची जुनी खोड आहे. ती सोडली पाहिजे. तीस वर्षांचा हप्ता डोक्यावर घेणारी शिक्षिका किंवा कारकून हा सटोडिया नव्हे. परंतु तो काय घेतो हे त्याला सांगितले जात नाही. बंदराची जमीन मुळात पट्ट्याची. मुदत, भाडेवाढ आणि हस्तांतराची परवानगी मालक ठरवणार. बंदराच्या भाडेकरूंचा भाडेवाढीचा तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २००४ मध्ये निकाली निघाला, यावरून हे कागद किती भारी असतात ते दिसते. विदर्भात हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. नझूलच्या जागेवर घर बांधून पट्ट्याच्या नूतनीकरणासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवणारी कुटुंबे येथे गल्लोगल्ली आहेत. त्यांना ठाऊक आहे की भिंत आपली असली तरी भिंतीखालची माती आपली असतेच असे नाही. २०१६ चा स्थावर संपदा कायदा खरेदीदाराच्या पैशातील सत्तर टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायला लावतो, हे उपकारक आहे. पण जमिनीचा पट्टा कोणत्या अटींचा असावा, हे तो ठरवीत नाही.

मग जमीन सरळ विकून टाकावी काय? नाही. पट्टा हाच योग्य मार्ग आहे. फक्त त्याच्या अटी आज बिल्डरच्या सोयीने लिहिल्या जातात, त्या रहिवाशाच्या सोयीने लिहिल्या पाहिजेत. हॅम्बर्गने आपल्या जुन्या बंदराच्या सुमारे १५७ हेक्टरांवर हाफेनसिटी वसवताना जमीन शहराच्या हाती ठेवून टप्प्याटप्प्याने दिली, देताना किमतीइतकेच किंवा अधिक गुण आराखड्याला दिले आणि पुढील टप्प्यांत एकतृतीयांश घरे अनुदानित ठेवण्याची अट घातली. तेही समाजवादी राज्य नव्हे, व्यापाऱ्यांचेच शहर आहे. पवनारच्या आश्रमातून विनोबांनी जमिनीच्या मालकीवर जे प्रश्नचिन्ह लावले, त्याचे स्मरण येथे करणे कोणाला भाबडे वाटेल. पण पाण्यातून काढलेल्या, सार्वजनिक पैशाने घेतलेल्या जमिनीवर मालकीचा दावा कोणी कोणत्या नैतिक आधारावर करावा?

हा प्रश्न आता जिल्ह्याच्या दारात आला आहे. सिंदी (रेल्वे) येथे जवाहरलाल नेहरू बंदराचे कोरडे बंदर उभारण्याचे काम २०१७ पासून गाजते आहे. समृद्धी महामार्ग सेलू आणि आर्वी तालुक्यांतून गेला, जून २०२५ मध्ये तो पूर्ण खुला झाला, आणि येळाकेळी, सेलडोहच्या परिसरात प्लॉटच्या पाट्या आधीच उभ्या आहेत. समुद्र नाही, पण बंदर आहे; आणि बंदर आहे म्हणजे सट्टा आहे. १८६५ मध्ये जमीन पाण्याखाली होती. येथे ती तुरीच्या आणि पऱ्हाटीच्या खाली आहे.

सिंदीच्या प्रकल्पातील सरकारी जमिनीचे पट्टे किती वर्षांचे आहेत, पुढे माल बंद झाल्यास ती जमीन घरांच्या बाजारात जाऊ शकेल काय, तेथे काम करणाऱ्या हमाल, चालक आणि गोदाम कामगारांच्या वस्तीसाठी किती जागा राखली आहे, हे तीन प्रश्न भोवतालच्या ग्रामसभांनी लेखी विचारावेत आणि उत्तरे लेखी मागावीत. मुंबईत हे प्रश्न शंभर वर्षे उशिरा विचारले गेले. येथे पहिला खांब उभा राहतानाच ते विचारता येतील, आणि माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.