जुन्या वस्तू, नवी घरे



वसंतातल्या व्याख्यानांत आपण धर्म, इतिहास, साहित्य, अर्थकारण असे भारदस्त विषय ऐकता. त्यांच्या रांगेत आम्ही हंडे, कळश्या, मोडकी कपाटे आणि जुनी कौले घेऊन उभे राहिलो, हे पाहून कोणाला हसू आले तर त्यात नवल नाही. परंतु हा विषय वसई-विरारकरांच्या अगदी उंबरठ्याशी आलेला आहे. गेल्या काही वर्षांत आपल्या डोळ्यांदेखत किती ओटे, किती पडव्या, किती कौलारू घरे गेली, याची मनातल्या मनात मोजदाद करून पाहावी. घर पाडायच्या आदल्या दिवशी दारात टेम्पो उभा राहतो, काटा लागतो आणि चार पिढ्यांचा संसार किलोच्या भावाने निघून जातो. त्याच घरातला मुलगा पुढे नव्या इमारतीत बिऱ्हाड थाटतो आणि दिवाणखाना शोभिवंत करण्यासाठी मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात जाऊन एक पितळी घंगाळ दामदुपटीने विकत आणतो. ते कोणाचे, कुठले, कशासाठी होते, हे त्याला ठाऊक नसते. या दोन व्यवहारांच्या मधे काहीतरी हरवते. ते काय हरवते, हाच आजचा आमचा विषय आहे.

जुने जपून वापरणे ही काही परदेशातून आलेली हौस नव्हे. आपल्या आज्यांनी विरलेल्या लुगड्यांची गोधडी शिवली आणि तिच्यावर नातवंडे वाढली. जरीची जुनी लुगडी बोहारणीच्या पाटीत पडली आणि बदल्यात घरात भांडे आले. त्या घासाघिशीत दोन्ही बाजूंना वस्तूची किंमत पुरती कळत असे. पुढे स्टेनलेस स्टील आले. ते घासायला सोपे, वजनाला हलके आणि कल्हईची कटकट नाही. गृहिणीचे हात दमले होते, तेव्हा तिने तांब्यापितळेची भांडी मोडीत घातली, यात तिचा दोष नाही. मात्र मोडीचा हिशेब एकच गोष्ट ओळखतो, ती म्हणजे वजन. दुकानदार तूट धरतो, धातूचा भाव लावतो आणि हंड्याचा गोळा होतो.

वजनापलीकडे वस्तूत काय असते, हे दाखवणारी दोन उदाहरणे आपल्याच भूमीत आहेत. पहिले सोपाऱ्याचे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नाला सोपाऱ्याचा स्तूप उकरला. आत मोठा दगडी करंडा सापडला आणि त्याच्या पोटात एकात एक बसवलेल्या डब्या निघाल्या. त्यांत तांब्याची होती, चांदीची होती, स्फटिकाची होती आणि सर्वांत आत सोन्याची होती. त्या सोन्याच्या डबीत काय होते? मातीच्या भांड्याच्या तेरा खापऱ्या! त्या बुद्धाच्या भिक्षापात्राच्या मानल्या गेल्या. आज हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. मोडीच्या काट्यावर त्या खापऱ्यांना कवडीही मिळाली नसती. पण त्या कोणाच्या, हे जपणाऱ्यांच्या मनात पक्के होते. म्हणून त्यांच्यासाठी सोने घडवले गेले.

दुसरे उदाहरण वसईच्या घंटांचे. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई घेतली, तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधील घंटा मराठे विजयाची खूण म्हणून घेऊन गेले. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आणि भीमाशंकरला त्या टांगल्या गेल्या. घंटेचा धातू वितळवून तोफ ओतता येते आणि जगात अनेक युद्धांत तसे झालेही आहे. या घंटा मात्र घंटाच राहिल्या. नाशिकच्या घंटेवरचे १७२१ हे साल कोणी घासून टाकले नाही. ती एका धर्माच्या घरातून दुसऱ्या धर्माच्या घरात गेली. पण तिचे काम सुटले नाही आणि तिच्या अंगावरचा जन्मदाखलाही पुसला गेला नाही. लढाईतली लूट हा काही संसाराचा आदर्श नव्हे. परंतु जुनी वस्तू नव्या जागी कशी नांदावी, याचा धडा मात्र तीत आहे. तिचे काम चालू राहावे आणि तिची ओळख टिकावी, एवढाच तो धडा.

हाच धडा एका कवीने आयुष्यभर गिरवला. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर सुमारे १९२० पासून गावोगाव हिंडले आणि त्यांनी घरगुती वस्तू जमवल्या. त्या राजेरजवाड्यांच्याच होत्या असे नव्हे. दिवे, अडकित्ते, वजऱ्या, दौती, पानाचे डबे अशा ज्या वस्तूंकडे कोणी वळूनही पाहिले नसते, त्या त्यांनी उचलल्या. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी पुण्यात संग्रहालय उभे केले आणि १९७५ साली तो वीस हजारांच्या घरातला संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. तिथला एखादा अडकित्ता पाहताना तो घडवणाऱ्या कारागिराचे कौतुक वाटते आणि पान जमवणारा हातही डोळ्यांपुढे येतो. आपल्या घराचे संग्रहालय करावे, असे आम्ही म्हणत नाही. संग्रहालयात वस्तू विश्रांती घेते. घरात तिने राबले पाहिजे.

म्हणून आमचे पहिले सांगणे असे की, जुनी वस्तू घरात आणली तर तिला काम द्यावे. चिनीमातीची बरणी चांगली असेल तर तिच्यात लोणचेच घालावे. तडा गेला असेल तर गॅलरीत तिच्यात झाड लावावे. जुन्या खिडकीची गजांची चौकट कुंडीमागे उभी केली, की तिच्यावर जाई चढते, घेवडाही चढतो. उतरवलेली मंगलोरी कौले अर्धी मातीत पुरली, की फुलांच्या वाफ्याला सुरेख कड होते आणि पावसात माती वाहून जात नाही. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ साली असल्या कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून या कौलांनी सारा पश्चिम किनारा शाकारला. आपल्या कौलावर कारखान्याचे नाव उमटलेले असेल तर ती बाजू बाहेर दिसू द्यावी. सागवानी फळ्यांची मांडणी होते, पानाच्या डब्यात सुईदोरा राहतो, कंदिलात दिवा लागतो. झोपाळ्याच्या पितळी कड्या तर पुन्हा झोपाळ्यालाच लावाव्यात. फक्त नव्या घरात त्या नुसत्या स्लॅबमध्ये न अडकवता जाणकाराला विचारून बीमला पेलतील अशा बसवाव्यात.

याउलट काय होते, तेही पाहावे. आपल्या वाड्यांतून बैलांच्या रहाटाने विहिरीचे पाणी पानवेलींना आणि केळींना जात असे. आज एखाद्या बंगल्याच्या फाटकाशी रहाटाचे चाक रंगवून उभे केलेले दिसते आणि आत पाहावे तर विहीर राडारोड्याने बुजवलेली असते! चाक शोभेला ठेवले आणि पाणी मात्र घालवले. अशा सजावटीला आम्ही सजावट म्हणणार नाही. विहीर उपसून साफ करावी. मग चाक नसले तरी चालेल.

दुसरे सांगणे वस्तूच्या प्रकृतीविषयी. माणूस घरात घेताना आपण त्याची प्रकृती विचारतो, तशीच वस्तूचीही विचारावी. आपली हवा खारी. अर्नाळ्यापासून नायगावपर्यंत लोखंड पाहता पाहता गंजते. म्हणून लोखंडी जाळी किंवा पलंग बाहेर ठेवायचा असेल तर पावसाळ्याआधी गंज खरवडून गंजरोधक रंग द्यावा. तांबेपितळ चिंच आणि मीठ लावून उजळते. मात्र ज्यात अन्न शिजवायचे किंवा आंबट ठेवायचे, त्या पितळेच्या भांड्याला आतून कल्हई हवीच. नाहीतर पदार्थ कळकतो आणि पोटाला बाधतो. तांब्याच्या हंड्यात झाड लावायचे झाल्यास माती थेट भरू नये, आत मातीची कुंडी ठेवावी. ओली माती तांब्याला खाते आणि तांबे मुळांना मानवत नाही. तांब्याच्या घंगाळात मासेही सोडू नयेत. ते जगत नाहीत. कमळासाठी आणि माशांसाठी गुरांची जुनी दगडी डोणी उत्तम. तिच्यात गप्पी मासे सोडावेत, म्हणजे डास होणार नाहीत. बाकी ज्या ज्या भांड्यात पाणी साचेल, ते आठवड्यातून एकदा ओतून, घासून कोरडे करावे. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आठवडा-दहा दिवस पुरतात. आपली हौस शेजाऱ्याच्या तापाला कारण होऊ नये.

लाकूड घेताना त्यावर बोटाने टकटक करावे. आवाज पोकळ आला किंवा भोकातून ताजा भुसा गळत असला, तर ते कितीही स्वस्त असले तरी घरात आणू नये; एका खांबाबरोबर वाळवी साऱ्या घरात येते. चांगल्या लाकडाला पुसून, वाळवून जवसाचे तेल चोळले, की सागाचा रंग पुन्हा खुलतो. जुन्या दारावरचा रंग मात्र कोरडा घासू नये. पूर्वीच्या रंगांत शिसे असे. त्यावर कडक मर्यादा घालणारे नियम आपल्याकडे २०१६ साली झाले. ती धूळ लहान मुलांच्या पोटात गेली तर फार वाईट. रंग ओला करून काढावा आणि मुले त्या वेळी दूर ठेवावीत.

तिसरे सांगणे मानाचे. बाजारात पाटे आणि जाती पडलेली असतात. ती आणून बागेच्या वाटेत पायाखाली बसवण्याची टूम निघाली आहे. दगड तो दगड, असे कोणी म्हणेल. पण बारशाला ज्या वरवंट्याला झबले-कुंची घालून पाळण्याभोवती फिरवले, ज्या जात्यावर लग्नाची हळद दळली, त्यावर पाय देताना मराठी माणसाचे मन कचरते. ते कचरावे, असेच आम्हांस वाटते. उखळात पाखरांसाठी पाणी भरून ठेवावे. जात्याची तळी तुळशीजवळ मांडावी. ख्रिस्ती घरातल्या वेदीचे कोरीव लाकूड बाजारात दिसले तर त्याची चपलांची मांडणी करू नये. आपल्या वसईत देऊळ आणि देवालय शेजारी शेजारी नांदतात. एकमेकांच्या वस्तूंचा मान आपणच राखायचा.

चौथे सांगणे सर्वांत महत्त्वाचे. जुनी भांडी उलटून पाहा. काठावर किंवा बुडाशी ठोक्याठोक्याने घातलेले नाव दिसेल. लग्नात मामाने दिलेला तांब्या, आत्याने दिलेली परात; नाव घातल्याशिवाय भांडे देत नसत. बाजारातून आणलेल्या भांड्यावर परक्या घराचे नाव असले तर ते घासून काढू नका. ती कोणा एका नवरीच्या संसाराची सुरुवात आहे. आणि आपल्या स्वतःच्या घरातील वस्तू असेल तर एक वही करावी. वस्तू, कोणी आणली, कधी, कोणत्या कामाला होती, अशा चार ओळी लिहाव्यात. त्या चार ओळी नसतील तर आजीचे घंगाळ आणि बाजारातले घंगाळ यांत पुढच्या पिढीला काही फरक उरणार नाही.

ओळख विचारण्याला दुसरीही बाजू आहे. वस्तू आली कुठून, हे विचारले म्हणजे चोरीला वाव राहत नाही. वसईचा किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. तिथला कोरीव दगडाचा तुकडा बागेला शोभेल म्हणून उचलणे हा १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे. शंभर वर्षांवरच्या पुरावस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि त्या खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाहीत, असा १९७२ चा कायदा आहे. जुनी मूर्ती, चित्र किंवा सचित्र पोथी हाती आली तर तिच्या नोंदणीची चौकशी करावी. कायदा बाजूला ठेवला तरी विचार करावा, की जी शोभा साऱ्या गावाची, ती आपल्या एका कुंपणाआड नेऊन गाव शोभिवंत होते का?

श्रोतेहो, जुनी घरे सगळी टिकतील असे आम्हांस वाटत नाही. कुटुंबे वाढतात, वाटण्या होतात, डागडुजी परवडत नाही. घर पाडणाऱ्याला नावे ठेवणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. आमची विनंती त्याहून लहान आहे. टेम्पो दारात येण्याआधी एक दुपार राखून ठेवावी. घरातील वडीलधाऱ्या बाईला ओट्यावर खुर्ची द्यावी आणि एकेक वस्तू तिच्यापुढे आणावी. ती सांगेल ते लिहून घ्यावे. नव्या दोन खोल्यांत सारे मावणार नाही. मावेल तेवढेच ठेवावे. दोन वस्तू ठेवल्या तरी पुरे, पण त्या वापरात ठेवाव्यात. काही नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, शाळेला द्यावे. आणि उरलेले विकताना, घेणाऱ्याला ऐकायचे असेल तर, तिची हकीकतही त्याच्या हाती द्यावी.

भंगाराचा काटा धातू तोलतो. तो त्याचे काम चोख करतो. हकीकत तोलण्याचे काम त्याचे नाही, ते घरच्यांचे आहे. ते आपण केले, तर बाजारातून फारसे काही आणावे लागणार नाही आणि आणलेच तर काय आणावे, हे आपल्याला कळेल.